कॅनन ऑटो झूम ८१४ इलेक्ट्रॉनिक: पहिला सुपर ८ कॅमेरा म्हणून कसा आहे?

निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. जुन्या बाजारात सुपर ८ कॅमेरा, म्हणजे ८ मिलिमीटर रुंद फिल्मवर चालणारा चलचित्रांचा कॅमेरा, शोधत असाल आणि हा कॅनन चालू स्थितीत मिळत असेल, तर घ्या. मात्र ‘चालू स्थिती’ कशाला म्हणायचं हे विकणाऱ्यावर सोडू नका. सेल घातल्यावर घरघर झाली की त्याच्या लेखी कॅमेरा चालू. मोटर ठरलेल्या वेगाने फिरते का, उजेड मोजणारं मीटर खरं बोलतं का, आतली चकती फिल्म गुंडाळते का, यातलं काहीच त्या घरघरीवरून कळत नाही. एक कार्ट्रिज (फिल्मची बंद डबी), तिचं डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग मिळून एवढा खर्च होतो की तीन-चार कार्ट्रिज वाया गेल्या तर जवळजवळ दुसरा कॅमेरा आला असता. म्हणून या परीक्षणात कॅमेऱ्याच्या कौतुकापेक्षा त्याच्या तपासणीला जास्त जागा दिली आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. ८१४ या आकड्याचे कॅमेरे एकाहून जास्त आहेत. साधा ऑटो झूम ८१४ हा १९६७ चा, इलेक्ट्रॉनिक १९७२ चा, आणि त्यानंतर एक्सएल मालिकेतले ८१४ आले. आकडा वाचायची रीत सोपी आहे: ८ म्हणजे आठपट झूम, १४ म्हणजे एफ १.४, लेन्स किती उघडते त्याचं माप; आकडा लहान तितका उजेड जास्त. त्याच हिशेबाने ५१४ पाचपट, १०१४ दहापट, आणि ५१८ म्हणजे पाचपट झूम पण एफ १.८. जाहिरातीत नुसतं ‘कॅनन ८१४’ लिहिलं असेल तर कॅमेऱ्यावरच्या नावाचा फोटो मागवा. आतलं यंत्र, लागणारे सेल आणि अंधारातली कुवत, तिन्ही गोष्टी मॉडेलप्रमाणे बदलतात.

या कॅमेऱ्याचं सोनं म्हणजे त्याची लेन्स. ७.५ ते ६० मिलिमीटर, एफ १.४, हाताने किंवा मोटरवर चालणारा झूम, शिवाय जवळच्या वस्तूंसाठी मॅक्रो. सुपर ८ ची चौकट जेमतेम ५.८ बाय ४ मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा लहान. एवढ्याशा तुकड्यावर लेन्स मऊ पडली तर पडद्यावर काही उरत नाही. ही लेन्स तिथे कमी पडत नाही. १८ आणि २४ चित्रं प्रति सेकंद, स्लो मोशन आणि एकेक चित्र घेण्याची सोय आहे. मीटर लेन्समधून आलेला प्रकाशच मोजतं, आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) हाताने ठेवायचीही मुभा आहे. ही मुभा पहिल्या कॅमेऱ्यात असायलाच हवी. पन्नास वर्षांचं मीटर कधी रुसेल याचा नेम नाही, आणि ज्या कॅमेऱ्यात हाताने अ‍ॅपर्चर ठेवता येत नाही तो त्या दिवशी शोभेची वस्तू होतो.

तोटेही सांगून टाकतो. कॅमेरा जड आहे. दिवसभर हातात धरला की मनगट बोलू लागतं. आणि खरी मेख सेलमध्ये आहे. मोटरला चार एए सेल लागतात, तेच आपले पेन्सिल सेल, कुठेही मिळणारे. मीटरला मात्र पीएक्स ६२५ जातीचे पाऱ्याचे दोन बटण सेल लागतात, आणि पाऱ्याचे सेल आता बनत नाहीत. नवशिक्यांच्या बहुतेक फसलेल्या कार्ट्रिजचं मूळ इथे सापडतं.

पाऱ्याच्या सेलचा दाब १.३५ व्होल्ट, आणि तो संपेपर्यंत तसाच टिकायचा. मीटरचं मंडळ त्याच भरवशावर बांधलेलं. त्याच मापाचे अल्कलाइन सेल आज मिळतात, खाचेत चपखल बसतात, काटाही हलतो, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण नव्या अल्कलाइन सेलचा दाब १.५ च्या वर असतो. दोन सेल मिळून २.७ ऐवजी तीन व्होल्टच्या वर जातात. मीटरला वाटतं उजेड जास्त आहे, ते अ‍ॅपर्चर बारीक करतं, आणि फिल्म काळपट येते. पुढे सेल उतरत जातो तशी चूक बदलत जाते, म्हणजे ‘एक स्टॉप वाढवून ठेवू’ अशी कायमची दुरुस्तीही करता येत नाही. (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा करणारी पायरी.) सिल्व्हर ऑक्साइड सेलचा दाब स्थिर असतो, पण १.५५ वर स्थिर. चूक तीच, फक्त न बदलणारी.

यावर दोन उपाय आहेत. कानाच्या यंत्रात वापरतात तो ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो आणि दाब सांभाळून असतो. त्याचा व्यास ११.६ मिलिमीटर, ६२५ चा १५.६, म्हणून तो खाचेत डगडगतो. भोवती रबरी कडं बसवलं की मधोमध राहतो. उंचीलाही तो किंचित कमी असतो, तेव्हा संपर्काची पट्टी टेकते की नाही ते पाहा. नसेल टेकत तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची चार पदरी घडी पुरते, पण ती कडेला पसरून दोन टोकं जोडणार नाही एवढी लहान कापा. या सेलवरचा कागद काढला की तो हवा घेऊ लागतो आणि वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. कागद काढून लगेच दाबून बसवू नका, दोन-चार मिनिटं हवा घेऊ द्या. दुसरा उपाय म्हणजे आत छोटा डायोड असलेलं अ‍ॅडॉप्टर. त्यात सिल्व्हर ऑक्साइड सेल घालायचा, डायोड जादाचा दाब खातो आणि मीटरला १.३५ च्या आसपास मिळतं. एकदाच खर्च, कटकट संपली. वर्षभर चित्रीकरण करणार असाल तर अ‍ॅडॉप्टर, आणि दोन-तीन कार्ट्रिजपुरती हौस असेल तर झिंक-एअर.

आता तपासणी. विकणाऱ्याकडे जाताना चार नवे पेन्सिल सेल, मीटरचे सेल, छोटी टॉर्च, आणि मिळालीच तर एक जुनी वापरलेली सुपर ८ कार्ट्रिज सोबत ठेवा. ही मेलेली कार्ट्रिज सर्वांत मोलाचं हत्यार आहे. कारण कॅमेरा कोणती फिल्म भरली आहे हे कार्ट्रिजच्या कडेवरच्या खाचेवरून ओळखतो. आत एक छोटी खीळ असते, खाच कुठे आहे त्याप्रमाणे ती दाबली जाते आणि मीटरला फिल्मचा वेग, म्हणजे ती किती कमी उजेडात चालते ते, कळतो. कार्ट्रिज नसताना मीटर जे दाखवतं त्याला काही अर्थ नाही.

सेलचं झाकण उघडून आधी संपर्काच्या पट्ट्या पाहा. पांढरा किंवा हिरवट चुरा म्हणजे सेल आतच फुटून वाहिलेला. थोडा चुरा असेल तर घाबरायचं कारण नाही. इअरबड व्हिनेगरमध्ये किंचित भिजवून पुसा, फसफस थांबली की आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोनदा पुसा, आणि कोरडं झाल्यावर पट्टी खोडरबराने घासून चमकवा. पण चुरा तारेच्या आत शिरला असेल, किंवा पट्टीच झिजून पातळ झाली असेल, तर कॅमेरा तिथेच ठेवून निघा. तार आतून कुजली की वीज कधी पोचते, कधी नाही, आणि असला अधूनमधून होणारा बिघाड ऐन चित्रीकरणातच डोकं वर काढतो.

सेल बसवून दार उघडं ठेवा आणि बटण दाबा. कान द्या. आवाज एकसुरी हवा. वर-खाली होणारी गुणगुण म्हणजे तेल घट्ट झालंय किंवा मोटरचा वेग सांभाळणारं मंडळ थकलंय. खूप वर्षं पडून राहिलेला कॅमेरा पहिलं मिनिटभर जडपणे फिरतो आणि मग मोकळा होतो, त्याला तेवढी सवलत द्या. दोन-तीन मिनिटांनंतरही सूर डळमळत असेल तर नको. आता गेटकडे, म्हणजे फिल्म जिथे प्रकाशासमोर येते त्या जागेकडे, बघा. लेन्स उजेडाकडे धरून मागून पाहिलंत तर आयताकृती खिडकीतून लुकलुकता प्रकाश दिसतो, म्हणजे शटर फिरतंय. खिडकीच्या बाजूला एक बारीक नख वर-खाली होताना दिसतं. हेच फिल्मच्या छिद्रात अडकून एकेक चित्र खाली ओढतं. ते दिसत नसेल तर बाकी तपासायची गरज उरत नाही.

त्याच पोकळीत कार्ट्रिजच्या गाभ्यात शिरणारी गोल चकती असते, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. कॅमेरा चालू असताना ती सावकाश फिरायला हवी. बोटाने हलकेच धरा: ती थांबली पाहिजे, पण बोटाला ओढ जाणवली पाहिजे, आणि सोडताच पुन्हा फिरू लागली पाहिजे. या ओढीवर सगळं अवलंबून आहे. नख फिल्म खाली ढकलत राहतं आणि चकती ती गुंडाळते. चकती ढिली पडली की ढकललेली फिल्म कार्ट्रिजच्या आतच साचते, गोळा होतो आणि सगळं अडकतं. बाहेरून मात्र कॅमेरा छान घुमत असतो.

मग मेलेली कार्ट्रिज घाला. तिच्या गेटमध्ये दिसणाऱ्या फिल्मवर पेनाने ठिपका काढून दोन सेकंद कॅमेरा चालवा आणि काढून पाहा. ठिपका गायब झाला तर फिल्म चालतेय. अर्थात यासाठी कार्ट्रिजमध्ये थोडी फिल्म शिल्लक हवी. पूर्ण वापरलेल्या कोडॅक कार्ट्रिजच्या खिडकीत फिल्मवर ‘एक्स्पोज्ड’ असा शब्द छापलेला दिसतो, आणि तीत पुढे ओढायला काही राहिलेलं नसतं. तशी कार्ट्रिज मीटर तपासायला मात्र चालते.

मीटरचं खरं-खोटं असं काढा. जुनी कार्ट्रिज बहुधा कोडाक्रोम ४०, कोडॅकची जुनी रंगीत फिल्म, असेल. कॅमेऱ्याच्या फिल्टरची कळ बल्बच्या चिन्हावर ठेवा, म्हणजे फिल्टर बाजूला होतो. फोनमधल्या लाइट मीटरला आयएसओ (फिल्मचा वेग) ४० आणि शटर १/४० द्या. या जातीच्या कॅमेऱ्यांच्या फिरत्या शटरची उघडी फट साधारण १५० अंशांची असते, आणि १८ चित्रांच्या वेगाला त्याचा हिशेब १/४३ सेकंदाच्या आसपास येतो. मग दोन्ही एकाच भिंतीवर रोखा, खिडकीच्या समोरच्या, सपाट उजेडाच्या. कॅमेरा फोनपेक्षा तिसऱ्या हिश्शाने किंवा अर्ध्या स्टॉपने जास्त उघडला तर उत्तम, कारण लेन्समधला थोडा प्रकाश प्रिझम व्ह्यूफाइंडरकडे वळवतो आणि मीटर ती तूट भरून काढतं. एका स्टॉपच्या वर फरक असेल तर आधी सेल बदलून पाहा. काटा एका टोकाला चिकटून बसला असेल तर मीटर मेलंय असं समजा. तरीही कॅमेरा हाताने चालवता येतो, पण मग किंमत त्या मानाने हवी.

लेन्समध्ये टॉर्च मारून आरपार बघा. चार-दोन धुळीचे कण काहीच बिघडवत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या दिसल्या तर ती बुरशी, आणि सगळीकडे दुधाळ धूसरपणा असेल तर तेलाची वाफ बसलेली. बुरशी कडेला असेल तर चालवून घेता येतं. धूसरपणाने मात्र चित्राचा काळा रंग राखाडी होतो, तो सोडून द्या. व्ह्यूफाइंडर धूसर असणं ही वेगळी गोष्ट. त्याचा फिल्मवर परिणाम होत नाही, तुमच्या फोकसवर होतो. डोळ्याकडचं रबर चिकट झालेलं असतंच, त्यावर घासाघीस करू नका.

शेवटची तपासणी फोकसची. व्ह्यूफाइंडरमागे डोळ्याच्या नंबरप्रमाणे जुळवायचं कडं असतं. लेन्स पूर्ण ६० वर न्या, फोकस अनंतावर ठेवा, दूरच्या इमारतीच्या कडेवर रोखा आणि हे कडं ती कड लख्ख दिसेपर्यंत फिरवा. आता फोकस हलवून पुन्हा स्वतः जुळवा. फोकसचं कडं पुन्हा अनंताच्या खुणेवरच थांबलं पाहिजे. खूण ओलांडूनही चित्र स्पष्ट होत नसेल, तर लेन्स कधीतरी कुणीतरी खोलून चुकीची बसवली आहे. चष्मा घालून चित्रीकरण करणार असाल तर हे चष्म्यासकट जुळवा. डोळ्याकडचं कडं जुळवायचं राहून गेल्यामुळे अख्खी कार्ट्रिज अस्पष्ट आली, असं फार वेळा होतं. दोष मग लेन्सला लागतो.

एवढं पार पडलं की कॅमेरा घरी आणा आणि गेट साफ करा. कॅमेरा बंद, सेल बाहेर. मऊ लाकडी दातकोरणी घ्या, तिचं टोक गेटच्या खिडकीच्या चारही कडांवरून फिरवा. धातूचं काही वापरू नका; तिथे ओरखडा पडला की प्रत्येक रिळावर उभी रेघ येत राहते. जुन्या फिल्मवरून सुटलेला इमल्शनचा थर कोपऱ्यात तपकिरी कवचासारखा बसलेला असतो, तो असाच सुटतो. मग फुंकणीने हवा मारा, तोंडाने फुंकू नका. राहिलेला एक केस पडद्यावर झाडाच्या फांदीएवढा दिसतो आणि पूर्ण तीन मिनिटं तिथेच नाचत राहतो.

फिल्म कोणती घ्यायची? एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट म्हणजे १५ मीटर फिल्म असते, एकूण ३६०० चित्रं. १८ च्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद, २४ च्या वेगाने अडीच मिनिटं. पहिल्या वेळी कोडॅकची व्हिजन३ मालिकेतली कलर निगेटिव्ह घ्या, आणि बाहेर चित्रीकरण असेल तर ५०डी (आकडा फिल्मचा वेग, डी म्हणजे दिवसाच्या उजेडाची). निगेटिव्ह चूक पोटात घालते, विशेषतः जास्त उजेडाच्या बाजूची. एक स्टॉप, दीड स्टॉप जास्त पडला तरी स्कॅनमध्ये सावरतं. एक्टाक्रोम १००डी ही रिव्हर्सल, म्हणजे डेव्हलप झाल्यावर थेट प्रोजेक्टरवर दाखवता येणारी. तिचे रंग सुंदर, पण अर्ध्या स्टॉपची चूकही ती लपवत नाही. मीटरची खात्री झाल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका. काळ्या-पांढऱ्यात ट्राय-एक्स आहे, तीही रिव्हर्सल, दिवसाच्या उजेडात २०० ची.

घरात, संध्याकाळी ५०० टी लागते (टी म्हणजे टंगस्टन, बल्बच्या उजेडाची). आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा: ‘जास्त वेगाची फिल्म सगळीकडे चालते’ असं मानून भर उन्हात ५०० टी भरणारे बरेच जण असतात. हिशेब करून बघा. ५०डी, १/४३ शटर, लख्ख ऊन, तरी अ‍ॅपर्चर एफ १६ च्या आसपास जातं. २०० ची फिल्म असेल तर एफ ३२, ५०० ची असेल तर त्याहूनही बारीक. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, आणि एवढ्या लहान चौकटीवर तो पसरटपणा उघड दिसतो. सगळं ठीक असून चित्र मऊ का आलं, याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. उन्हात ५०डी सोबतही लेन्सपुढे दोन किंवा तीन स्टॉपचा एनडी, म्हणजे नुसता उजेड कमी करणारा राखाडी, फिल्टर लावा. मीटर लेन्समधूनच मोजतं, त्यामुळे वेगळा हिशेब करावा लागत नाही. एफ ५.६ ते ८ मध्ये ही लेन्स सर्वांत चांगली वागते.

फिल्टरची कळ हा दुसरा गोंधळ. सुपर ८ चे बरेच कॅमेरे टंगस्टन फिल्म धरून बनवलेले आहेत, म्हणून आत नारिंगी ८५ फिल्टर कायम असतो. सूर्याच्या चिन्हावर तो प्रकाशाच्या वाटेत, बल्बच्या चिन्हावर बाहेर. फिल्मच्या नावापुढे टी असेल आणि तुम्ही उन्हात असाल तरच सूर्य. ५०डी, १००डी, ट्राय-एक्स या तिन्हींसाठी कळ बल्बवर, ऊन असलं तरी. चिन्ह बघून चालायची सवय असलेल्याला हे उलटं वाटतं, पण फिल्टर काढायची कळ म्हणून तिच्याकडे पाहिलं की गोंधळ राहत नाही. काही कार्ट्रिजच्या तळाला फिल्टरसाठी वेगळी खाच असते. ती नसेल तर कार्ट्रिज स्वतःच खीळ दाबून फिल्टर काढते. त्यावर विसंबू नका, कळ हाताने लावा.

फिल्म थंडीत ठेवली असेल तर चंदेरी पाकिटात बंदच तास-दोन तास बाहेर राहू द्या, नाहीतर थंड फिल्मवर दव जमतं. मग पाकीट फोडा. कार्ट्रिजच्या मधला गाभा बोटाने किंचित फिरवा, ढिलं पडलेलं रीळ आवळलं जाईल. तो एकाच बाजूला फिरतो. दुसरीकडे जोर लावू नका. खिडकीतल्या फिल्मला बोट लावू नका. कार्ट्रिजचं तोंड लेन्सकडे ठेवून आधी पुढची बाजू सरकवा, मग मागून दाबा. ‘टक’ लागलं पाहिजे. दार लावा, दोन सेकंद चालवा, फुटांचा काटा सुरुवातीच्या खुणेवरून हलतोय का पाहा. अधेमधे दार उघडलं तर फक्त गेटजवळची काही चित्रं जातात, बाकी कार्ट्रिज सुरक्षित राहते. पण फुटांचा काटा शून्यावर जातो, म्हणून किती झाली ते आधी लिहून ठेवा.

पहिली कार्ट्रिज कॅमेऱ्याची परीक्षा म्हणून खर्चा. तिपाईवर कॅमेरा ठेवून विटांच्या भिंतीचा दहा सेकंदांचा शॉट घ्या, पूर्ण वाइड (७.५), मग पूर्ण टेली (६०). चित्र किती थरथरतं आणि फोकस कुठे पडतो ते कळेल. थोडी थरथर सुपर ८ मध्ये राहणारच. फिल्म दाबणारी पट्टी कार्ट्रिजमध्येच असते, तीही प्लॅस्टिकची. त्यानंतर एकच दृश्य मीटरच्या भरवशावर, मग हाताने एक स्टॉप उघडून, मग एक स्टॉप मिटून. पुढे घरातला एक शॉट, खिडकीपाशी बसलेल्या माणसाचा, सगळ्यात उघड्या अ‍ॅपर्चरवर ६० ला. अशा वेळी पाच मीटरवर जेमतेम वीतभर खोली फोकसमध्ये असते. माणूस पुढे वाकला की गेला. उलट ७.५ ला एफ ८ असेल तर फोकस दोन-तीन मीटरवर ठेवून द्या, एक मीटरच्या पुढचं सगळं स्पष्ट येतं. प्रत्येक शॉटला आधी पाटी धरा किंवा वहीत क्रमाने लिहा. नोंदी नसतील तर ही परीक्षा वाया जाते.

अधूनमधून फुटांच्या काट्याकडे बघत राहा. मोटर चालू आणि काटा थांबलेला, किंवा आवाज अचानक हलका झाला, तर फिल्म अडकली आहे. कार्ट्रिज काढा, तळहातावर हलकेच दोनदा आपटा, गाभा फिरत्या दिशेने थोडा फिरवा, पेनाचा ठिपका काढून पुन्हा घाला आणि ठिपका सरकतो का पाहा. दोनदा करूनही सरकत नसेल तर कार्ट्रिज बाजूला ठेवा. ती उघडून रीळ सोडवण्याचा प्रयोग अंधारातही क्वचितच साधतो. पाठोपाठ दुसरीही अडकली तर कार्ट्रिजचा दोष नाही, ती चकती ढिली आहे.

डेव्हलपिंगला देताना फिल्मचं नाव आणि चित्रांचा वेग लेबलवर ठळक लिहा. व्हिजन३ ला ईसीएन-२ प्रक्रिया लागते, एक्टाक्रोमला ई-६, ट्राय-एक्सला काळी-पांढरी रिव्हर्सल. नेहमीच्या फोटो लॅबचं यंत्र ८ मिलिमीटर रुंद, १५ मीटर लांब पट्टीसाठी नसतं, म्हणून सिनेफिल्मचं काम करणारी लॅबच बघा. निगेटिव्ह प्रोजेक्टरवर दाखवता येत नाही, स्कॅन करावीच लागते. स्कॅन मागताना चौकटीच्या कडाही थोड्या घ्यायला सांगा आणि वेग तुम्ही चित्रित केला तोच ठेवायला सांगा. १८ चं रीळ २४ ला फिरवलं की माणसं तुरुतुरु चालतात. कार्ट्रिज विमानाने नेत असाल तर हातातल्या सामानात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरने फिल्मवर धुकं चढतं.

कॅमेऱ्यात कधी कधी जुनी अर्धवट कार्ट्रिज सापडते. ती कोडाक्रोम असेल तर रंगीत डेव्हलप होणार नाही; त्या प्रक्रियेची शेवटची लॅब २०१० च्या अखेरीस बंद झाली. काळी-पांढरी म्हणून काढता येते, आणि कधी कधी काही निघतंही.

पर्यायांबद्दल थोडक्यात. बटण सेलची कटकटच नको असेल तर कॅनन ५१४ एक्सएल बघा: ९ ते ४५ मिलिमीटर, एफ १.४, मीटरही पेन्सिल सेलवर. एक्सएल नावाच्या कॅमेऱ्यांचं शटर जास्त उघडं असतं, २२० अंशांच्या आसपास, म्हणून घरात दिव्याच्या उजेडात ते ८१४ ला मागे टाकतात. निकॉन आर १० ही याहून वरची पायरी, ७ ते ७० मिलिमीटर, सहा पेन्सिल सेलवर सगळं, आणि १०० चित्रं मागे घेऊन दोन दृश्यं एकमेकांत विरघळवायची सोय. पण बिघडला तर दुरुस्ती अवघड. ब्राउन निझो दिसायला देखणा, हातात छान बसतो, पण तिथेही मीटरचे तेच दोन पाऱ्याचे सेल. बोल्यू ४००८ च्या मोहात पहिल्यांदाच पडू नका. त्याची खास बॅटरी आता बहुधा मेलेलीच मिळते. आवाज मुद्रित करणारा कॅमेरा स्वस्तात मिळाला तर घ्यायला हरकत नाही. ध्वनिपट्टीची फिल्म १९९७ मध्येच बंद झाली असली तरी त्यात साध्या मूक कार्ट्रिज बसतात. आणि जाहिरातीत ‘डबल ८’ किंवा ‘सिंगल ८’ लिहिलेलं असेल तर थांबा: पहिल्यात स्पूलवरची १६ मिलिमीटर रुंद फिल्म अर्ध्यावर उलटून घालावी लागते, दुसऱ्यात फुजीची वेगळी कार्ट्रिज. सुपर ८ ची कार्ट्रिज दोन्हीत जात नाही.

काम झालं की पेन्सिल सेल आणि बटण सेल दोन्ही काढून ठेवा. कॅमेरा कातडी पिशवीत कोंडू नका, कातडं ओल धरतं. कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी मिनिटभर रिकामा चालवा, झूमसुद्धा या टोकापासून त्या टोकापर्यंत.